चक्र फिरते, पण काम चालते का?

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरले की दिवाणखान्यातल्या टीव्हीला उसंत म्हणून मिळत नाही. मुलांना कार्टून हवे असते, मामांना जुना सिनेमा, आणि सर्वांना मिळून गेल्या वर्षीच्या मुंजीची फिल्म पाहायची असते. अलीकडे काही घरांतून हा सारा संग्रह एका संगणकात किंवा पुस्तकाएवढ्या पेटीत साठवून ठेवतात. त्यावर ‘प्लेक्स’ किंवा ‘जेलीफिन’सारखा एखादा प्रोग्रॅम चालतो आणि टीव्ही, फोन, टॅब्लेट, जो जे मागेल त्याला ते पुरवतो. याला मीडिया सर्व्हर म्हणतात. तो काम करीत आहे की नाही हे घरातल्या मंडळींना कसे कळावे, एवढाच आजच्या गप्पांचा विषय. विषय दिसायला लहान आहे, परंतु घरात वाद लावण्याची त्याची ताकद मोठी आहे.

नेहमीचा प्रसंग घ्या. सिनेमाचे बटण दाबले, पडद्यावर एक वर्तुळ गरगर फिरू लागले आणि अर्धे मिनिट गेले.

“अहो, बिघडलं वाटतं!”

“थांब जरा, होतंय.”

“कशावरून होतंय?”

या तिसऱ्या प्रश्नाला यजमानांजवळ उत्तर नसते. कारण ते वर्तुळ सर्व्हर फिरवीत नाही, टीव्हीच फिरवतो. आतल्या खोलीतला सर्व्हर बंद पडला तरीही हे चक्र काही काळ तितक्याच उत्साहाने फिरत राहू शकते. कामाशी त्याचा संबंधच जोडलेला नसतो.

याउलट घरातला जुना विजेचा मीटर आठवून पाहा. काचेआड ॲल्युमिनियमची एक चकती असे. इस्त्री लावली की ती झपाझप फिरे, एकच दिवा असला की मंद चाले, आणि मेन स्विच बंद केला की थांबे. चकती विजेनेच फिरत असल्यामुळे तिला खोटे बोलणे शक्यच नव्हते. सर्व्हरची खूणही अशी कामाला बांधलेली हवी. एक फाइल तपासून झाली की आकडा एकाने पुढे सरकावा. काम थांबले की खूणही थांबावी. शेजारी ‘शेवटची खबर १० सेकंदांपूर्वी’ एवढे लिहिले तरी पाहणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

आता हा सर्व्हर आत करतो तरी काय? तीन कामे मुख्य. नव्या फाइली आल्या का हे पाहण्यासाठी तो सारा संग्रह धुंडाळतो. प्रत्येक सिनेमाचे नाव, नटनट्या, पोस्टर इंटरनेटवरून आणून आपल्या नोंदवहीत टिपतो. आणि टीव्हीला जी भाषा कळत नाही अशा स्वरूपात फाइल असेल, तर दुभाष्याप्रमाणे ती चालता चालता बदलून देतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. हे काम अवजड आहे. दुर्बळ संगणकाची त्यात दमछाक होते आणि चित्र अडखळते. अशा वेळी ‘लोड होत आहे’ या दोन-तीन शब्दांनी काय समजणार? त्याऐवजी ‘टीव्हीसाठी रूपांतर चालू’ असे लिहिले, तर मीडिया सर्व्हरला दोष देण्याआधी दुसऱ्या स्वरूपातली फाइल शोधावी, हे तरी सुचते.

माणूस किती वेळ थांबतो याचाही विचार शास्त्रज्ञांनी केला आहे. याकोब नील्सन यांनी १९९३ साली एक सोपा हिशोब मांडला. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आले तर ते तत्क्षणी आल्यासारखे वाटते. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. म्हणजे क्षणभराच्या कामाला खूण दाखवून डोळ्यांना त्रास देऊ नये आणि दहा सेकंदांवरच्या कामाला नुसते चक्र दाखवू नये. किती झाले आणि किती उरले, हे सांगावे. टक्केवारीची पट्टी लोकांना आवडते, असे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच प्रयोग करून दाखवले होते.

पण पट्टीचा हिशोब चोख हवा. शंभर फाइलींपैकी नव्याण्णव फोटो आणि एक तीन तासांचा सिनेमा असला, आणि मोजणी नगांवर केली, तर पट्टी धावत नव्याण्णव टक्क्यांवर जाते आणि तिथेच ठाण मांडून बसते. वाणी जिरे आणि तांदूळ नगांवर विकत नाही, वजनावर विकतो; पट्टीनेही कामाचे वजन धरावे. एकूण काम किती हे ठाऊकच नसेल, तर टक्के सांगण्याचा आव आणू नये. ‘४१२ फाइली पाहून झाल्या’ हे साधे वाक्य पुरेसे आहे.

शिवाय घरात सर्वांची गरज सारखी नसते. सिनेमा पाहणाऱ्याला एक ओळ पुरते. सर्व्हर सांभाळणाऱ्या चिरंजीवांना कोण काय पाहतो, कोणते काम कुठवर आले, हे सारे हवे असते. प्लेक्स आणि जेलीफिन या दोन्हींच्या डॅशबोर्डवर ते दिसते. परंतु रात्री दिवे मालवीत फिरणाऱ्या आजोबांना एकच प्रश्न असतो: “बाळ, हे बंद करू का?”

माझ्या मते सर्वांत मोलाची खूण हीच, आणि तीच सहसा नसते. आजीच्या आवाजातल्या ओव्या जुन्या कॅसेटवरून उतरवून डिस्कवर चढत असताना कोणी बटण दाबले, तर फाइल अर्धवट राहते. नोंदवही लिहिली जात असताना वीज गेली, तर ती बिघडण्याचा धोका असतो. कॅसेट तोवर जीर्ण झालेली असली, तर दुसऱ्यांदा वाजेलच असे नाही. म्हणून पेटीवर किंवा पडद्यावर स्पष्ट शब्द हवेत: ‘लिहिणे चालू, बंद करू नका’ आणि काम संपल्यावर ‘आता बंद केले तरी चालेल’. नुसता तांबडा-हिरवा दिवा नको. हे दोन रंग ओळखू न येणारी माणसेही घरात असतात.

असे प्रोग्रॅम रचणारी मुले-मुली आज आपल्याच घरांत आहेत. या सुट्टीत ती घरी आली, की फराळाचे ताट पुढे ठेवून त्यांना आजोबांचा प्रश्न अवश्य विचारा. आणि ती सुधारणा होईपर्यंत, बटणाला हात लावण्यापूर्वी डॅशबोर्ड उघडून चालू कामांवर एकदा नजर टाका.