अंतुले ‘आपले’ होते म्हणजे काय?

ईदला हिंगणीला गेलो की एक विषय हमखास निघतो. नमाजनंतर चहा घेताना जुनी माणसं सांगतात, आपला एक मुख्यमंत्री होता. अब्दुल रहमान अंतुले यांचं नाव ती अशी घेतात, जणू बॅरिस्टरसाहेब सेलूलाच राहत होते. खरं तर ते कोकणातल्या आंबेतचे. पंचविशीतली पोरं मोबाईलवर शोधतात आणि विचारतात, “सिमेंटवालेच ना?” मग सगळेच गप्प.

मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

1978 मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा राज्यातले बहुतेक मोठे नेते इंदिरा गांधींना सोडून गेले. अंतुले राहिले. 1980 मध्ये इंदिरा काँग्रेसला 288 पैकी 186 जागा मिळाल्या आणि जूनमध्ये ते मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. गेल्या वर्षी मोहल्ल्यातल्या एका विधवा खालाचा अर्ज मी भरून दिला. उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक आणि बरेच हेलपाटे. आता तिला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. रांगेत तिच्या पुढेमागे कुणबी, गोंड, बौद्ध बाया होत्या. योजना कुणी आणली हे एकीलाही माहीत नव्हतं. त्यांचे ‘आपले’ अंतुले नव्हतेच, तरी पैसे त्यांनाही मिळतात. मला हा अंतुल्यांचा मोठेपणा वाटतो. आपण मात्र त्यांना आपल्याच गल्लीत कोंडून ठेवलं आहे.

आता सिमेंट. “मुसलमान होते म्हणून गोवलं,” असं आपल्यात सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला बिल्डरांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेलं सिमेंट यांचा संबंध न्यायमूर्ती लेंटिन यांनी 12 जानेवारी 1982 च्या निकालात दाखवला. त्यावर अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली. एवढं मान्य करायला आपल्याला जड जाऊ नये.

पण पोरं जिथे वाचन थांबवतात, तिथून पुढची गोष्ट जास्त कामाची आहे. रामदास नायक यांच्या तक्रारीवरून खटला चालला. 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट हायकोर्टात दिला. त्यामुळे अंतुल्यांची अपिलाची एक पायरीच गेली. ते पुन्हा कोर्टात गेले. 1988 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने आपल्याच कोर्टाची ती चूक दुरुस्त केली. मग डिसेंबर 1991 चा निकाल आला: खटला लवकर चालणं हा कलम 21 खालचा हक्क आहे, आणि तो तपासापासून अपिलापर्यंत लागू आहे. कोर्टाने वर्षांची मर्यादा घालायला मात्र नकार दिला, ही त्यातली पळवाट म्हणा. तरीही खटला रखडला की वकील आजही याच निकालाचा आधार घेतात.

मालेगावचा 2006 चा स्फोट आठवा. त्यात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना जामीन 2011 मध्ये मिळाला आणि कोर्टाने आरोपमुक्त केलं 2016 मध्ये. अशा घरांना ‘आपला मुख्यमंत्री होता’ हे ऐकवून काय मिळणार? त्यांना तारीख हवी असते, वकील हवा असतो.

2024 मध्ये महाराष्ट्रातून लोकसभेवर एकही मुस्लिम निवडून गेला नाही. म्हणून 1980 ची आठवण गोड लागते, हे मी समजू शकतो. माझंही देणं आहे. अंतुले केंद्रात अल्पसंख्याक मंत्री असताना तंत्रशिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली, वर्षाला 20,000 रुपयांपर्यंत फी. माझ्या इंजिनिअरिंगला तिचा हातभार लागला.

येत्या ईदला मी 1991 च्या निकालाचा दोन पानी मराठी गोषवारा छापून हिंगणीला नेणार आहे. गावात एलएलबी करणारी दोन मुलं आहेत. चहाच्या वेळी त्यांनीच तो मोठ्याने वाचून दाखवावा, असं त्यांना सांगून ठेवलं आहे.