बारा वर्षे, अकरा किलोमीटर

कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. सह्याद्रीच्या कडेकपारी भेदून सातशे किलोमीटरहून लांब लोहमार्ग १९९८ साली पूर्ण झाला. या महामंडळाचे मुख्यालय बेलापुरात आहे. त्याच बेलापुरातून खारघरमार्गे पेंधरला जाणाऱ्या मेट्रोचे काम २०११ साली आरंभले गेले. अवघ्या ११ किलोमीटरच्या या मार्गावर प्रवाशांनी पाऊल ठेवले ते १७ नोव्हेंबर २०२३ रोजी!

शहरातील काम निराळे, हे मान्य. पण सह्याद्री तरी कुठे सोपा होता? अभियांत्रिकी कौशल्य दोन्हीकडे होते. उणीव होती ती व्यवस्थापनाची. भूसंपादन, कंत्राट, निधी आणि कालमर्यादा यांचा मेळ ई. श्रीधरन यांनी कसा घातला, हा अध्ययनाचा विषय आहे. आपण त्याची आख्यायिका करून मोकळे झालो.

पुण्यात १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. बडोद्यात २०१८ पासून रेल्वेचे विद्यापीठ आहे. बंदर, विमानतळ, मेट्रो आणि कोकण रेल्वे ज्याच्या उशाशी, त्या खारघरने मात्र केवळ प्रवासीच राहावे काय? मुंबई विद्यापीठ आणि सिडको यांनी येथे वाहतूक अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण व संशोधन केंद्र उभारावे. रखडलेल्या प्रत्येक प्रकल्पाची तेथे निःपक्षपाती चिकित्सा व्हावी. चौकशी समिती दोषी शोधते. विद्यापीठ कारण शोधते.

विलंबाचे मोल नागरिकांनी चुकते केले आहे. निदान त्यातला धडा तरी त्यांच्या पदरात पडू द्या!