अंधारात बटण दिसत नाही, यात डोळ्यांचा काय दोष?

"डॉक्टर, रात्री मोबाइलची बटणं दिसत नाहीत हो. नंबर वाढला असेल का?"

महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे. सोबत आलेला मुलगा किंवा सून मध्येच म्हणते, "बाबा, ब्राइटनेस वाढवा ना!" आणि मीसुद्धा कित्येक वर्षं "वयोमानाने होतं असं, एकदा डोळे तपासून घ्या" एवढं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलवत आलो. आजचा लेख खरं तर माझ्या त्या उत्तराविरुद्ध आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या पेशंट असलेल्या एक आजी, वय 74. रात्री तीनच्या सुमाराला आजोबांना एकदम धाप लागली. लाइट गेलेली. उशाशी मुलाने कौतुकाने दिलेला मोठ्या पडद्याचा मोबाइल. आजींनी चाचपडत तो चालू केला आणि पांढराफेक उजेड थेट डोळ्यांत गेला. डोळे मिटले, परत उघडले, आकडे सापडेनात. दोनदा चुकीच्या ठिकाणी बोट लागलं. शेवटी मुलीला फोन लागला. मग शेजाऱ्यांना आत घ्यायला म्हणून आजी दाराकडे निघाल्या आणि ज्या घरात 40 वर्षं वावरल्या, त्याच घराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. आजोबा दवाखान्यातून चार दिवसांत घरी आले, आजींचा हात मात्र सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. मला म्हणाल्या, "फोन दिसेना म्हणून उजेड केला, आणि मग घरच दिसेनासं झालं."

डोळ्यांबद्दल इतकं नेमकं वाक्य मी पाठ्यपुस्तकातही वाचलेलं नाही. ते शब्दशः खरं आहे, आणि का खरं आहे ते सांगतो.

आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात. रंग ओळखणं, बारीक अक्षर वाचणं हे त्यांचं काम. दंडपेशी अंधारातल्या. त्यांना रंग कळत नाहीत, बारीक अक्षरही वाचता येत नाही, पण अगदी पुसट उजेडातही दार कुठे, खुर्ची कुठे हे त्या सांगतात. उजेडातून अंधारात गेल्यावर या दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरात शिरलात की आधी काहीच दिसत नाही आणि थोड्या वेळाने खुर्च्या दिसायला लागतात, तो हाच प्रकार. झोपेत तासन् तास अंधारात राहून दंडपेशी तयार होऊन बसलेल्या असतात. मोबाइलचा झगझगीत पडदा त्यांच्यासमोर धरला की त्यातली बरीचशी कमाई काही सेकंदांत जाते, आणि पडदा बंद केला तरी ती लगेच परत येत नाही. वय वाढलं की यायला आणखी वेळ लागतो.

यावर एक गमतीदार पण शिकण्यासारखं उदाहरण आहे. 2016 साली लंडनच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन बायकांची हकिकत छापली. दोघींना अधूनमधून एका डोळ्याने काही मिनिटं दिसेनासं व्हायचं. तपासण्या झाल्या, काही सापडेना. शेवटी कळलं की दोघी अंधारात कुशीवर पडून मोबाइल बघत. एक डोळा उशीत, दुसरा पडद्यावर. पडदा बंद केला की उशीतला डोळा अंधाराला तयार असायचा आणि पडद्याकडचा डोळा नसायचा, म्हणून तो "आंधळा" वाटायचा. म्हणजे डोळा अगदी ठणठणीत होता, तो फक्त उजेडातून बाहेर आलेला नव्हता.

आता दुसरी गोष्ट, जी फारच कमी लोकांना माहीत असते. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी, म्हणजे आपण एखाद्या वस्तूकडे रोखून पाहतो तेव्हा तिची प्रतिमा जिथे पडते तिथे, दंडपेशी नसतातच. गावाकडे गेलात तर रात्री एखाद्या पुसट ताऱ्याकडे थेट बघा, तो नाहीसा होतो. जरा बाजूला बघा, परत दिसतो. अंधारातल्या कीबोर्डवरचं बारीक अक्षर हे त्या ताऱ्यासारखंच आहे. जितकं रोखून पाहाल तितकं ते हरवेल. आणि ते वाचता यावं इतका उजेड केला, की आजींसारखं उंबरा दिसायचं बंद.

यात साठीनंतर आणखी भर पडते. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या पोहोचतो. शिवाय गढूळ झालेल्या भिंगात उजेड फाकतो, म्हणून तोच पडदा नातवाला नुसता स्वच्छ दिसतो आणि आजोबांच्या डोळ्यांत खुपतो. तेव्हा "ब्राइटनेस वाढवा" हा सल्ला देणारा स्वतःच्या डोळ्यांचा हिशोब आई-बाबांना लावत असतो.

म्हणून मी म्हणतो, अंधारात अक्षर उजळवायचा हट्टच चुकीचा आहे. अंधारात माणसाला बटणावरचं अक्षर वाचायचं नसतं, बटण कुठे आहे ते कळायला हवं असतं. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि मोबाइल बनवणाऱ्यांनी दुसरीकडे साफ दुर्लक्ष केलं आहे.

असं दुर्लक्ष पहिल्यापासून नव्हतं. हातात मावणारे संगणक नवीन होते तेव्हा या प्रश्नावर निदान विचार तरी व्हायचा. 1997 मध्ये आलेल्या सायन सिरीज 5 या खिशातल्या संगणकाचा पडदा अंधारात उजळायचा, कीबोर्ड मात्र काळाच राहायचा. 2003 च्या ट्रिओ 600 मध्ये बटणांखालीच उजेड आला. लॅपटॉपमध्ये आयबीएमच्या थिंकपॅडने आणखी शहाणपणाची गोष्ट केली होती. पडद्याच्या वरच्या कडेला एक छोटासा दिवा, तोंड खाली कीबोर्डकडे. उजेड वस्तूवर पडायचा, डोळ्यांत नाही. आपल्या आजीसुद्धा कंदील असाच हाताने आडोसा करून धरायच्या!

आणि आपल्याकडचा नोकियाचा फोन आठवा. 3310 च्या बटणांखालचा तो हिरवट, मंद उजेड. दंडपेशी सर्वांत जास्त संवेदनशील असतात त्या निळसर हिरव्या उजेडालाच, म्हणून तेवढा थोडासा उजेडही पुरायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 5 च्या बटणावरचा बारीकसा उंचवटा. अंगठा तिथे टेकला की बाकीचे नऊ आकडे आपोआप सापडायचे. कीबोर्डवर इंग्रजी एफ आणि जे या बटणांवर असतो तो उंचवटाही त्यासाठीच. टायपिंगची परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा, बोटांकडे बघून टाइप केलं की सर ओरडायचे. बोटाला दिसतं यावर त्या पिढीचा विश्वास होता. अंध माणसं ब्रेल वाचतात ती बोटांनीच. आणि या उंचवट्याला ना बॅटरी लागते, ना वेगळा खर्च.

मग आला सपाट काचेचा पडदा. त्यावर 5 कुठे आणि 9 कुठे, बोटाला काही कळत नाही. सगळा भार डोळ्यांवर, आणि तोही रात्री तीन वाजता. पडदा सपाट केल्याचे फायदे मी नाकारत नाही, हा लेखही तुम्ही त्यावरच वाचत असाल. पण मदतीला हाक मारायची एक तरी जागा बोटाला सापडेल अशी ठेवणं काही अशक्य नव्हतं. ते अशक्य नाही हे आपल्या सरकारला कळलं होतं. 2016 साली दूरसंचार खात्याने नियम काढला की साध्या फोनवर 5 किंवा 9 चं बटण दाबून धरलं की आणीबाणीचा कॉल लागला पाहिजे, आणि स्मार्टफोनवर तो पॉवरच्या बटणाने लागला पाहिजे. पॉवरचं बटण कडेला असतं, बोटाला सापडतं, बघावं लागत नाही. नियम उत्तम. पण माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांपैकी ही सोय माहीत असलेला माणूस विरळाच. फोन विकताना कॅमेऱ्याबद्दल दहा मिनिटं बोलणारा दुकानदार याबद्दल एक वाक्य बोलत नाही.

याहून माझा जास्त राग आहे तो घरी साखर तपासायच्या यंत्रांवर. ग्लुकोमीटर हा शेवटी हातातला छोटा संगणकच. इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटची साखर रात्री उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांसमोर अंधारी येते. नेमक्या त्या वेळी वापरायच्या यंत्राची बटणं काळ्यावर राखाडी, आणि अनेक यंत्रांत पट्टी घालायच्या खाचेपाशी उजेडाचा ठिपकासुद्धा नाही! हे बनवणाऱ्याने ते कधी अंधारात हातात धरून बघितलं असेल असं मला वाटत नाही. (जाता जाता: अशा वेळी यंत्र सापडत नसेल, दिसत नसेल, तर शोधत बसू नका. शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, मग तपासा.)

आमच्या पेशंटपैकी काही हुशार मंडळी बटणांवर "रेडियम" चिकटवतात. कल्पना चांगली आहे, फक्त दोन गोष्टी माहीत हव्यात. नंबरप्लेट बनवणाऱ्याकडे मिळतो तो चमकणारा कागद स्वतः उजळत नाही, त्यावर पडलेला उजेड परत फेकतो. अंधाऱ्या खोलीत त्याचा काही उपयोग नाही. तुम्हाला हवा तो दिवसा उजेड शोषून रात्री हिरवट चमकणारा प्रकार. आणि घाबरू नका, यातल्या कशातही आता रेडियम नसतं, नाव तेवढं उरलंय. खरं रेडियम होतं ते शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत, घड्याळांच्या तबकड्यांवर. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात कारखान्यातल्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठात धरायच्या. त्यांच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी गेल्या. 1928 मध्ये त्यांच्यातल्या पाच जणींच्या खटल्यात कंपनीला तडजोड करावी लागली. अंधारात आकडा दिसावा एवढ्याशा सोयीसाठी. सोयीची किंमत दुसऱ्यानेच मोजायची, हे तेव्हापासून चालत आलंय.

आता निळ्या उजेडाचे चष्मे. "रात्री मोबाइल बघता ना, मग ब्लू कट घ्या" असं सांगून काउंटरवर जादा पैसे घेतले जातात. 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात 17 चाचण्या एकत्र तपासल्या, आणि संगणक वापरताना येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी कमी होतो असं दिसलं नाही. अंधारात बटण सापडायला तर त्यांचा काडीचा उपयोग नाही. उलट काच थोडाफार उजेड अडवतेच.

मग घरी काय कराल? आई-बाबांचा फोन आज रात्री दिवे बंद करून हातात घ्या. पडद्याचा ब्राइटनेस रात्री आपोआप कमी होईल असं सेटिंग करा. अँड्रॉइडमध्ये "एक्स्ट्रा डिम" आणि आयफोनमध्ये "रिड्यूस व्हाइट पॉइंट" असा पर्याय असतो, त्याने पडदा नेहमीपेक्षाही मंद होतो. डार्क मोड लावा, अक्षरं मोठी करा, म्हणजे कमी उजेडात वाचता येतील. पॉवरचं बटण किती वेळा दाबलं की मदतीचा कॉल जातो ते सेटिंगमध्ये बघून त्यांना बोटाने करून दाखवा, पण 112 ला खरंच फोन लावू नका. शक्य असेल तर उशाशी बटणांचा साधा फोन ठेवा, त्यात मुलाचा किंवा मुलीचा नंबर एका बटणावर. मोरीच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद, पिवळसर किंवा तांबूस दिवा रात्रभर असू द्या. दंडपेशींना तांबडा उजेड फारसा जाणवत नाही, म्हणून त्यांची तयारी मोडत नाही. ग्लुकोमीटरच्या डबीत एक छोटी बॅटरी ठेवा, आणि मुख्य बटणावर फेव्हिकॉलचा एक थेंब वाळवून उंचवटा करा. माझ्या एका पेशंटने टिकली लावली आहे, तीही चालते.

डोळ्यांचा दोष कधीच नसतो असं मात्र नाही. इतरांना दिसतंय आणि तुम्हालाच संध्याकाळपासून अडखळायला होतंय, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसताहेत, किंवा घरात रातांधळेपणा आहे, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने दृष्टिपटलावर झालेला परिणाम, लहान मुलांत अ जीवनसत्त्वाची कमतरता, हे सगळं अंधारातच आधी जाणवू शकतं.

आजींच्या मुलाने आता नवा फोन घ्यायचं ठरवलं आहे. मी त्याला सांगितलं, दुकानात गेलास की फोन काउंटरखाली अंधारात धर, डोळे मिट आणि अंगठ्याने मदतीचं बटण सापडतंय का बघ. दुकानदार हसला तर हसू दे.