उदबत्तीचा बागुलबुवा

गेल्या दिवाळीत आमच्या चार वर्षांच्या नातवाच्या अगदी पायाशी एक बाँब फुटला. भाजले नाही, खरचटले नाही. पण पोर असे दचकले की दिवसभर आजीचा पदर सोडीना. फटाक्यांची भीती बसली, हे साहजिकच. नवल पुढेच होते. दुसऱ्या दिवशी हिने देवापुढे उदबत्ती लावली मात्र, चिरंजीव किंचाळत गॅलरीत! रोज पूजेला आजीच्या मांडीवर बसणारा हा भक्त देवघराकडे फिरकेनासा झाला. मी धाक घालून, हाताला धरून त्याला आत नेले. भीती दुप्पट झाली. ‘‘माझंच काही चुकलं का हो?’’ हिने एकदा रडवेल्या सुरात विचारले.

तेव्हा मला पाव्हलॉव्ह आठवले. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे हे रशियन शास्त्रज्ञ. तोंडात अन्न पडले की कुत्र्याला लाळ सुटते, ती कोणी न शिकवता. पण खाणे देण्याआधी दर वेळी यंत्राची टिकटिक ऐकवली, तर पुढे नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटते. मानसशास्त्रात याला ‘अभिजात अभिसंधान’ म्हणतात. चिंच नुसती दिसली तरी आपल्या तोंडाला पाणी सुटते, त्यातलाच हा प्रकार. आमच्या घरी धडाका हे अन्न आणि उदबत्ती ही टिकटिक! बाँबची वात पेटवली होती उदबत्तीनेच. भीतीचा धडा कधी कधी एकाच प्रसंगात पाठ होतो.

उपायही त्याच शास्त्रात सापडला. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषींनी १९२४ साली पीटर नावाच्या बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला सशाची धास्ती. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवीत, आणि हळूहळू जवळ आणीत. अखेर पीटर सशाला स्वतःहून कुरवाळू लागला.

आम्हीही तेच केले. नातू स्वयंपाकघरात बेसनाचा लाडू खात असे, तेव्हा उदबत्ती पार बाहेरच्या खोलीत. तो बिचकला की आम्ही एक पाऊल मागे. घाई नाही, चेष्टा नाही. कित्येक आठवडे गेले.

जुनी भीती पुरती पुसली जात नाही. तिच्यावर नवा धडा गिरवला जातो, आणि जुना कधी तरी पुन्हा डोके वर काढतो, हे मी जाणून आहे. पण यंदा गणपतीत नातवाने उदबत्तीचा पुडा आणून आजीच्या हातात दिला आणि तो तिच्या मांडीवर बसला. हिची आरती त्या दिवशी मध्येच दोनदा अडखळली.