परतावा सांगता, मग घसरणही सांगा

मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने दहा वर्षांचा नवा रोखा बाजारात आणला. व्याज ७.१६ टक्के, मुदत मे २०२३ पर्यंत. सरकारी कागद, म्हणजे पैसे बुडण्याची भीती नाही. त्याच महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नांके यांनी रोखेखरेदी आवरती घेण्याचे संकेत दिले. भारतातून डॉलर बाहेर पडू लागले, रुपया घसरला आणि तो सावरायला रिझर्व्ह बँकेने जुलैच्या मध्यात बँकांना मिळणारा तातडीचा पैसा महाग केला. ऑगस्टमध्ये दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर बाजार ९ टक्क्यांहून जास्त परतावा मागत होता. शंभराला घेतलेल्या रोख्याची किंमत ९ टक्क्यांच्या दराने उरते ८८ रुपये. तीन महिन्यांत शंभरातले बारा रुपये गेले, आणि सरकारने तर एक पैसाही बुडवला नव्हता.

हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. दरवर्षी ७ रुपये १६ पैसे, असे दहा वेळा, आणि शेवटी मुद्दल शंभर. पुढे मिळणारी प्रत्येक रक्कम आजच्या दराने आजच्या मोलात आणायची. दर ९ टक्के असेल तर वर्षाने मिळणाऱ्या ७.१६ रुपयांचं आजचं मोल ६.५७ रुपये. दहा वर्षांनी हातात पडणाऱ्या शंभराचं मोल मात्र अवघं ४२.२४. साऱ्यांची बेरीज ८८ च्या थोडी वर जाते. (सरकार व्याज सहामाही देतं, त्यामुळे काही पैशांचा फरक पडतो.) पैसे जितके उशिरा मिळणार तितका दरबदलाचा फटका मोठा. फ्रेडरिक मॅकॉले या अर्थतज्ज्ञाने १९३८ मध्येच हा फटका मोजायचं माप दिलं, त्याला ‘ड्युरेशन’ म्हणतात. ७.१६ टक्क्यांच्या या रोख्यासाठी ते साधारण सात येतं. म्हणजे दर एक टक्का वाढला की शंभरामागे सातेक रुपये कमी.

तो रोखा ज्याने मुदतीपर्यंत सांभाळला त्याला मे २०२३ मध्ये पूर्ण शंभर मिळाले. मधेच विकावा लागला त्याचं नुकसान खरं ठरलं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं मार्च २०२३ मध्ये हेच झालं. स्वस्त व्याजाच्या काळात घेतलेले चोख रोखे ठेवीदारांची मागणी वाढल्यावर विकावे लागले, त्यात सुमारे १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि तो जाहीर केल्यापासून दोन दिवसांत बँकेला टाळं लागलं. पगारी बँकरांना जे सांभाळता आलं नाही, ते रोख्यांच्या फंडात पैसे घालणाऱ्या निवृत्त शिक्षकाने ‘डेट फंड म्हणजे एफडीच’ एवढ्या भरवशावर सांभाळावं, अशी आपल्याकडची अपेक्षा दिसते.

येस बँकेच्या ‘एटी-वन’ रोख्यांची गोष्ट याहून कडू आहे. २०१६ आणि २०१७ मध्ये विकलेल्या या रोख्यांवर ९.५ आणि ९ टक्के व्याज होतं. अनेक सामान्य ठेवीदारांच्या गळ्यात ते मुदत ठेवीचा थोरला भाऊ म्हणून बांधले गेले. बँक अडचणीत आली तर हे रोखे शून्यावर आणता येतील, हे कलम करारातच होतं. मार्च २०२० मध्ये बँकेचं पुनर्वसन झालं तेव्हा ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे खरोखरच शून्यावर आणले गेले. भागधारकांकडे काही ना काही उरलं, रोखेधारकांकडे काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रोखे शून्यावर आणण्याचा हा निर्णय रद्द ठरवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. बाजार नियामक सेबीने बँकेला दंड केला आणि असे रोखे सामान्य गुंतवणूकदाराच्या आवाक्याबाहेर नेले. पण बाजारात इतर ठेवींहून दोन टक्के जास्त देणारा कागद ते दोन टक्के कशाबद्दल देतो, हे विक्रीच्या वेळी विचारणारं आणि सांगणारं कोणीच नव्हतं.

शेअरमधली जोखीम निदान रोज डोळ्यांसमोर असते. तिथे फसवते ती सरासरी.

२००७ अखेर सेन्सेक्स २०,२८७ वर होता. २००८ मध्ये तो ५२ टक्के पडून ९,६४७ वर आला, २००९ मध्ये ८१ टक्के उसळून १७,४६५ वर गेला. दोन वर्षांची सरासरी काढा: वर्षाला १४ टक्क्यांहून जास्त! प्रत्यक्षात लाभांश सोडला तर दहा लाखांचे उरले आठ लाख एकसष्ट हजार. कारण ५२ टक्के पडलेलं ५२ टक्क्यांनी भरून येत नाही, त्याला सुमारे ११० टक्के वाढ लागते. जाहिरातीत झळकणारी सरासरी म्हणूनच तपासून घ्यावी.

आता तेच दहा लाख निम्मे सेन्सेक्समध्ये आणि निम्मे ८ टक्क्यांच्या ठेवीत असते तर? २००८ अखेर ७ लाख ७८ हजार. त्या वेळी छाती घट्ट करून पुन्हा निम्मे-निम्मे केले असते, तर २००९ अखेर ११ लाख २४ हजार. हे दोन वर्षांपुरतं उदाहरण आहे, दर वेळी असंच होईल असं नाही. पण एकमेकांच्या तालावर न चालणाऱ्या गोष्टी एकत्र ठेवल्या की चढउतार कमी होतो, हे हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये गणिताने मांडलं आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. स्वतःच्या पेन्शनचे पैसे मात्र त्यांनी सूत्रांच्या भानगडीत न पडता निम्मे शेअरमध्ये, निम्मे रोख्यांत ठेवले. मराठी मध्यमवर्गाला याहून सोयीचा दाखला मिळणार नाही.

मग जोखीम सांगायची कशी? सेबीने म्युच्युअल फंडांवर सहा पायऱ्यांचा ‘रिस्कोमीटर’ सक्तीचा केला आहे. हेतू चांगला, पण निफ्टीच्या पन्नास बड्या कंपन्यांचा इंडेक्स फंड आणि छोट्या कंपन्यांचा स्मॉल कॅप फंड, दोघांचाही काटा ‘अतिशय जास्त’ वरच. सिंहगड आणि अलंग, दोन्हींच्या पायथ्याशी ‘चढण अवघड’ एवढीच पाटी लावावी, तसं हे. प्रमाण विचलन, बीटा, शार्प गुणोत्तर हे आकडे फंडांच्या मासिक पत्रकात असतात, पण ते वाचणारे किती? आपल्या पैशांचं काय होऊ शकतं, हे त्यातून घरच्या भाषेत कळत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक योजनेच्या जाहिरातीत परताव्याच्या आकड्याशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत एक ओळ हवी: या योजनेत गेलेले एक लाख सर्वांत वाईट काळात किती झाले होते आणि भरून यायला किती महिने लागले. योजना नवी असेल तर तिच्या निर्देशांकाचा आकडा द्यावा. रोख्यांच्या फंडाने आणखी एक ओळ द्यावी, दर एक टक्का वाढला तर लाखामागे किती रुपये जातील. फंड घराण्यांकडे हे सगळे आकडे तयार असतात, छापायला खर्च नाही. सेबीने ते सक्तीचे करावेत. तोवर वाचकांनी आपल्या एजंटला किंवा बँकेतल्या ‘रिलेशनशिप मॅनेजर’ला हेच दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी घेतल्याशिवाय सही करू नये.