इंजिनिअर? नको!

"ताई, इंजिनिअरिंग करून अणूचं शिकता येतं, की त्याला फिजिक्सचीच डिग्री लागते?" मणिबेलीत अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, तेव्हा मी बचतगटाच्या वहीत डोकं घालून बसले होते. मी बी.ए. मराठी, काय सांगणार? घरचे म्हणत होते, गणित सोड, जीवशास्त्र घे, नर्सिंगला बरं. आजी तर फटकन म्हणाली, "इंजिनिअर? नको." तिनं पाहिलेले इंजिनिअर धरणाची मापं घ्यायला आलेले. १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्यानं याच गावची घरं बुडाली. तिचा राग मला तरी खोटा म्हणवेना.

घरी येऊन माहिती काढली. डॉ. अनिल काकोडकर मुळात मेकॅनिकल इंजिनिअर! जन्म १९४३चा, बडवानीचा; म्हणजे मणिबेलीच्या वरच्या अंगाला, नर्मदेच्याच मुलखातला. १९६३ मध्ये व्हीजेटीआयमधून पदवी घेऊन ते तुर्भ्याच्या अणुशक्ती प्रशिक्षण शाळेत गेले. १९५७ पासूनची ही शाळा. इंजिनिअरांना तिथं वर्षभर अणुभौतिकी शिकवतात, वर विद्यावेतनही देतात. (मुलीला शिकवायचं म्हटलं की आधी फीचा आकडा विचारणाऱ्यांनी हे वाचावं.)

युरेनियमचा अणू फुटला की उष्णता निघते. ती वाहून न्यायची, वाफ करायची, नळ्या टिकवायच्या, हे काम इंजिनिअरचंच. पण न्यूट्रॉन कसा वागतो ते कळल्याशिवाय अणुभट्टीची रचना कशी करणार? नैसर्गिक युरेनियममध्ये सहज फुटणारा भाग हजारात जेमतेम सात. म्हणून न्यूट्रॉनचा वेग कमी करायला जड पाणी वापरतात. हे मी कसंबसं समजून घेतलं. पोरीला आधीच ठाऊक होतं!

पुढच्या खेपेला सगळं सांगितलं. बारावीला गणित हवंच, मग इंजिनिअरिंगची पदवी, मग 'गेट' किंवा प्रशिक्षण शाळेची परीक्षा, मुलाखत. आजी ऐकत होती. म्हणाली, "त्यालाबी गाव उठवतात का?"

खोटं कशाला बोलू? तारापूरच्या प्रकल्पासाठी पोफरण, अक्करपट्टी उठली, हे तिला सांगितलं. माझं मत मात्र तिनं जावं असंच आहे. बुडालेल्या गावचं एक तरी माणूस नकाशे काढणाऱ्यांत बसलेलं असावं. आजीला ते पटलं की नाही, कोण जाणे. गणित मात्र सुटलेलं नाही. आता वसतिगृहाचं बघायचंय.