चूक पुस्तकाची, बोल मुलीला



आमच्या वस्तीतल्या केंद्रात दोन जुने संगणक आले, आणि त्यांच्याबरोबर एका हितचिंतकांनी पुस्तकांचे खोकेही पाठवले. बारावी झालेली, दुपारी शिवणकाम करणारी एक मुलगी त्यातले पायथॉनचे पुस्तक घेऊन बसली. पहिल्याच धड्यातले दोन ओळींचे उदाहरण तिने चार वेळा अक्षर न् अक्षर जुळवून टाइप केले. चारही वेळा पडद्यावर चूक. आठवड्याभराने पुस्तक परत ठेवून म्हणाली, "ताई, माझ्या डोक्याचं काम नाही हे."

तिच्या डोक्याचा काही दोष नव्हता. पुस्तक पायथॉन २ चे होते आणि संगणकावर होते पायथॉन ३. जुन्यात 'प्रिंट' या आज्ञेला कंस लागत नसे, नव्यात कंसाशिवाय ती चालतच नाही. पायथॉन ३ आले २००८ साली, आणि १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ ची देखभालही बंद झाली. तरी ते पुस्तक दान म्हणून आमच्या दारात आले आणि आम्ही उघडून न पाहता ते कपाटात लावले. भाजी बिघडली तर हाताला चव नाही, पोर नापास झाले तर आईचे लक्ष नाही, असे ऐकत वाढलेली मुलगी आणखी काय म्हणणार? तिच्या भावाने बहुधा पुस्तकालाच शिव्या दिल्या असत्या.

म्हणून पुस्तकाची निवड हा मला आपल्या कामाचाच प्रश्न वाटतो. कोणी म्हणेल, आता व्हिडिओ आहेत, यंत्रालाच प्रश्न विचारता येतो, पुस्तक हवे कशाला? पण घरातला फोन कोणाच्या हातात असतो, रिचार्ज कोणाच्या मर्जीने होतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पुस्तक तिचे तिच्याजवळ राहते. आणि यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ओळखण्यापुरते तरी आधी शिकावेच लागते.

निवडताना आपण हटकून नावाला भुलतो. कर्निगन आणि रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक १९७८ चे, दुसरी आवृत्ती १९८८ ची. लहानसे, नेमके, जगभर नावाजलेले. पण हे नवशिक्यांसाठी नाही, असे लेखकांनी स्वतःच प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे. प्रस्तावना वाचतो कोण! आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' सोप्या इंग्रजीत आहे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सहज मिळते. मात्र त्याच्या जुन्या आवृत्त्या टर्बो सी च्या काळातल्या, आणि तो डॉसवरचा टर्बो सी आजच्या संगणकावर सरळ चालत नाही. तेव्हा आधी आवृत्तीचे साल पाहा. मग मधलेच एखादे पान उघडून, जिला शिकायचे आहे तिलाच वाचायला द्या. इंजिनिअर भाच्याचे मत नंतर विचारा. आणि धड्याअखेर सोडवायला काही आहे का ते बघा. नुसते वाचून पोहता येत नाही, तसेच हे.

आणखी एक गोष्ट मी पाहते. लेखकाच्या डोळ्यांसमोर वाचणारी व्यक्ती कोण आहे? 'हेड फर्स्ट जावा' हे २००३ चे पुस्तक चित्रे, कोडी, गप्पा यांतून शिकवते, अडणाऱ्याला हिणवत नाही. कॅथी सिएरा आणि बर्ट बेट्स यांचे ते. याच सिएराबाईंना २००७ साली इंटरनेटवरून ठार मारण्याच्या धमक्या आल्या आणि ठरलेले भाषण रद्द करून त्यांना घरी बसावे लागले. मुळात या क्षेत्रातल्या पहिल्या पुस्तकांपैकी एक, हार्वर्डच्या मार्क वन यंत्राची १९४६ ची पाचशेहून अधिक पानांची पुस्तिका, बरीचशी ग्रेस हॉपर यांनीच लिहिलेली. पुस्तके लिहून देणाऱ्यांत बायका होत्या आणि आहेत, एवढे आपल्या मुलींना माहीत असावे.

पैशांचे म्हणाल, तर अॅलन डाउनी यांचे 'थिंक पायथॉन' लेखकाने मोफत ठेवले आहे. तिसरी आवृत्ती २०२४ ची. नफा न कमावता, लेखकाचे नाव ठेवून ते छापून वाटायला आणि भाषांतर करायलाही परवानगी आहे. मग आपल्या संस्थांनी पन्नास महागड्या प्रती विकत घेण्याऐवजी हे मराठीत का आणू नये? पायथॉनच्या आज्ञा इंग्रजीत राहतील हे खरे, पण पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला 'बचत', 'हप्ता', 'व्याज' अशी देवनागरी नावे देता येतात. उदाहरणेही बचत गटाच्या वहीतली घेता येतील: पंधरा जणी, दरमहा शंभर रुपये, दोन टक्क्यांनी अंतर्गत कर्ज.

आम्ही खोक्यातली कालबाह्य पुस्तके रद्दीत घातली आणि दर गुरुवारी त्या पुस्तकाचे मराठी करायला बसतो. ती मुलगीही समजूत घालून परत आणली आहे. गेल्या वेळी 'फंक्शन'वर गाडी अडली. कार्य म्हणावे तर लग्नकार्य आठवते, फंक्शन म्हणावे तर हळदीकुंकू! तासभर वाद झाल्यावर ती म्हणाली, "ब्लाउजचं पेपर कटिंग असतं ना, तसंच हे. एकदा करून ठेवायचं, मग माप द्यायचं आणि वापरायचं." शब्द अजून सापडलेला नाही, पण हे वाक्य आम्ही धड्यात घातले आहे. तुमच्या गटात कोणते पुस्तक चालले, कोणत्या पानावर अडले, ते जरूर कळवा.